हात कोणाचा? : हस्तप्रत्यारोपण आणि लक्षणेचा नैतिक पेच

१

आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे गाव बाहेरच्या जगाला ठाऊक आहे ते एका हुतात्म्याचे गाव म्हणून. बाबू गेनू सैद यांचा जन्म १९०८ साली येथे एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. पुढे ते मुंबईच्या कापडगिरणीत कामगार झाले आणि १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात विदेशी कापडाने भरलेली मोटारलॉरी अडवताना तिच्याखाली चिरडले गेले. डिंभे धरणाच्या जलाशयाला आज त्यांचे नाव आहे. इंग्रजी अमदानीत गिरणीच्या भाषेत कामगाराला नुसता 'हात' म्हणत. माणसे मोजायची नसत, हात मोजायचे असत. ज्याची मोजणी 'हात' म्हणून होत होती त्याने एके दिवशी आपले संपूर्ण शरीर रस्त्यावर आडवे घातले, आणि आपण केवळ हात नाही, एक सबंध माणूस आहो, हे त्या मोजणी करणाऱ्या व्यवस्थेला दाखवून दिले. या घटनेचा असा अन्वय लावता येतो. अवयव आणि अवयवी यांच्या नात्याचा जो प्रश्न प्रस्तुत लेखात उपस्थित करावयाचा आहे, त्याचे एक टोक या गावात आहे.

दुसरे टोकही याच परिसरात सापडले. काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थ्याच्या घरी जाण्याचा योग आला. त्याच्या वडिलांचा उजवा हात मनगटाच्या वर कुट्टीच्या मशीनमध्ये गेलेला होता. जनावरांपुढे रोजचा कडबा बारीक करताना एक पेंढी अडकते, माणूस ती पुढे ढकलायला जातो आणि पाते आपले काम करते. शेतीच्या मुलखात ही गोष्ट अपवादात्मक नाही. मुंबईतील हस्तप्रत्यारोपणाची बातमी त्यांनी वाचलेली होती. चहा झाल्यावर ते म्हणाले, "मला एक सांगा सर, हात दुसऱ्याचा अन् काम माझं, तर ते कष्ट कुणाच्या नावावर धरायचे?"

प्रश्नात भाबडेपणा नव्हता. शस्त्रक्रिया यशस्वी होते का, खर्च किती येतो, हे त्यांनी विचारले नाही. त्यांना कर्तृत्वाचा निवाडा हवा होता. त्या दिवशी मी काहीतरी वेळ मारून नेणारे उत्तर दिले. त्या उत्तराची लाज हे या लेखाचे एक कारण आहे.

२

या विषयाची मराठी मुलखातील पूर्वपीठिका दोनशे वर्षांहून जुनी आहे. १७९४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन' या नियतकालिकात एका शस्त्रक्रियेचे सचित्र वर्णन प्रसिद्ध झाले. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा एक मराठा शेतकरी (इंग्रजी नोंदीत त्याचे नाव 'कावसजी' असे आले आहे) १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. टिपूने त्याचे नाक आणि एक हात कापला. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा वावरला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याच्या कपाळावरील कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. हे वर्णन वाचून इंग्लंडमध्ये जोसेफ कार्प्यू याने १८१४ साली तशी शस्त्रक्रिया केली, आणि आधुनिक पुनर्रचनात्मक शल्यविद्येच्या इतिहासात या कहाणीला कायमचे स्थान मिळाले.

या कहाणीचा अभिमानाने उल्लेख करणारे बहुधा तिचा अर्धा भाग विसरतात. कावसजीला नाक मिळाले. हात मिळाला नाही. नाक गेले म्हणजे अब्रू गेली, आणि अब्रू परत मिळवण्याची सोय त्याच्याच कपाळावर होती. हात गेला म्हणजे काम गेले, आणि काम परत मिळवण्याची सोय त्याच्या शरीरात कोठेही नव्हती. हातासाठी दुसरा माणूस लागतो. 'स्व'च्या सामग्रीतून 'स्व'ची दुरुस्ती आणि 'पर'च्या सामग्रीतून 'स्व'ची दुरुस्ती यांतील सीमारेषा त्या एकाच देहावर आखली गेली होती.

ती सीमारेषा केवळ तात्त्विक नाही. शरीर स्वतः ती राखते. परका ऊतक ओळखून त्याचा नाश करणे हे रोगप्रतिकारशक्तीचे कामच आहे. हात म्हणजे त्वचा, स्नायू, अस्थी, मज्जा, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांचा संमिश्र समुच्चय; त्यांत त्वचा ही प्रतिकाराला सर्वांत जास्त चेतवणारी. १९६४ साली इक्वेडोरमध्ये झालेला हस्तप्रत्यारोपणाचा प्रयोग म्हणूनच काही आठवड्यांतच फसला. प्रतिकारशक्तीला आवर घालणारी परिणामकारक औषधे हाती आल्यानंतर, १९९८ च्या सप्टेंबरमध्ये फ्रान्समधील ल्यों येथे झां-मिशेल द्युबेर्नार यांच्या चमूने क्लिंट हॅलम या न्यूझीलंडच्या माणसाला मृत दात्याचा हात बसवला. १९९९ च्या जानेवारीत अमेरिकेतील लुईव्हिल येथे बसवलेला हात दीर्घकाळ टिकला. भारतात २०१५ च्या जानेवारीत कोची येथील अमृता संस्थेत पहिले हस्तप्रत्यारोपण झाले. २०१४ च्या जानेवारीत घाटकोपर स्थानकावर लोकलखाली दोन्ही हात गमावलेल्या मोनिका मोरे या तरुणीवर २०२० च्या ऑगस्टमध्ये परळच्या तेव्हाच्या ग्लोबल रुग्णालयात दोन्ही हातांचे प्रत्यारोपण झाले. दात्याचे हात चेन्नईहून विमानाने आणले गेले होते.

३

या उपलब्धीपुढे नतमस्तक होण्यापूर्वी तिची किंमत स्पष्ट शब्दांत मांडली पाहिजे. हृदय, यकृत किंवा मूत्रपिंड यांचे प्रत्यारोपण मृत्यूशी सौदा करते. हातावाचून मात्र माणूस मरत नाही. तो जगतो, आणि कृत्रिम हात, उरलेला हात, खांदा, दात, पाय यांच्या साह्याने पुष्कळ कामे करायलाही शिकतो. अशा मुळात निरोगी माणसाला आपण जन्मभराची औषधे देऊ करतो. टॅक्रोलिमससारख्या औषधांनी प्रतिकारशक्ती दबते. त्यामुळे संसर्गाचा धोका वाढतो, मूत्रपिंडाला इजा पोचू शकते, मधुमेह जडू शकतो आणि काही कर्करोगांची शक्यता वाढते. औषध थांबले की हात नाकारला जातो. सांधलेले मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढतात; म्हणजे कोपराच्या वर जोडलेल्या हाताच्या बोटांना संवेदना पोचायला महिनेच काय, वर्षेही लागतात. तोवर रोजचा व्यायाम. 'प्रथम अपाय करू नये' या वैद्यकाच्या जुन्या नियमाच्या कसोटीवर पाहता येथे एका अपंग पण निरोगी माणसाचे अव्यंग पण आजन्म रुग्णात रूपांतर होते, असा आक्षेप घेता येतो. आणि तो हलका नाही.

हॅलमची कहाणी या आक्षेपाला पुष्टी देते. त्याने औषधे नियमित घेतली नाहीत. तो हात मनाने आपला वाटेना, असे त्याने सांगितले. आणि २००१ च्या फेब्रुवारीत त्याच्याच विनंतीवरून लंडनमध्ये तो काढून टाकण्यात आला. येथे शरीराचा नकार आणि मनाचा नकार एकमेकांत मिसळून गेले आहेत. वैद्यक पहिल्यासाठी औषध देते. दुसऱ्यासाठी तिच्यापाशी समुपदेशनापलीकडे काही नाही.

तरीही 'हात नसला तरी जगता येते' हे विधान ज्याला हात आहेत त्याने करणे कितपत उचित? 'जगणे' या शब्दाचा संकोच करून ते केलेले असते. स्वतःच्या हाताने घास घेणे, डोळ्यांतले पाणी पुसणे, मुलाच्या केसांतून बोटे फिरवणे यांना 'सोय' म्हणणे म्हणजे जगण्याची व्याख्या नाडीच्या ठोक्यांपुरती करणे होय. मेर्लो-पाँती यांनी स्पर्शाचे जे विश्लेषण केले त्याचा गाभा असा, की उजवा हात डाव्याला स्पर्श करतो तेव्हा स्पर्श करणारे आणि स्पर्शिले जाणारे एकाच देहात भूमिका बदलतात. कृत्रिम हात वस्तू धरतो, पण ही उलटापालट त्याला साधत नाही. म्हणून धोका पत्करायचा की नाही हा प्रश्न वैद्याच्या तराजूवर सुटत नाही. पूर्ण माहितीनिशी, वेळ घेऊन, नकाराचे स्वातंत्र्य शाबूत ठेवून ज्याने तो पत्करला, त्याच्या निर्णयाला आपण भ्रम म्हणू शकत नाही. मात्र ही पूर्ण माहितीची अट पाळली जाते की चमत्काराच्या बातमीखाली दबते, हे विचारणे आपले कर्तव्य ठरते.

४

आता साहित्यशास्त्राच्या दाराने या प्रश्नात शिरू. 'कापणीला दहा हात हवेत' हे वाक्य मम्मटाच्या चौकटीत लक्षणेचे उदाहरण होईल. नुसते हात चालत येत नाहीत, हा मुख्यार्थबाध. हात हा माणसाचा अवयव, हा मुख्यार्थाशी योग. आणि रूढी अथवा प्रयोजन, हा तिसरा घटक. 'भाले आत शिरत आहेत' या शास्त्रातील जुन्या उदाहरणाप्रमाणेच येथे अवयवाने किंवा साधनाने सबंध माणूस आपल्यासोबत ओढून आणला आहे. मूत्रपिंडाला हे सामर्थ्य नाही. 'दहा मूत्रपिंडे हवीत' असे कोणी माणसांविषयी म्हणत नाही. मूत्रपिंड भाषेच्या आड, काळोखात काम करते. हात भाषेत राबतो. हातभार, हातखंडा, हातोटी, हस्ताक्षर, हातावरचे पोट, हात देणे, हात टेकणे, हात झटकणे: मराठीतून हात काढून घेतला तर नीतिविषयक शब्दसंग्रहाचा मोठा भाग लुळा पडेल.

हस्तप्रत्यारोपणात लक्षणेची पहिली अटच नाहीशी होते. नुसता हात येऊ शकतो, तो विमानानेही येतो. 'त्याने मला हात दिला' हे वाक्य वाच्यार्थानेच खरे ठरते. मग त्या हाताने ओढून आणावयाचा 'सबंध माणूस' कोणता? एका अवयवाला दोन अवयवी झाले आहेत. माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांचा प्रश्न हा नेमका येथला आहे: लक्षणा कोणाकडे वळवायची?

उगमाकडे वळवली तर काय होते, हे एका जुन्या मूकपटाने दाखवले आहे. मॉरिस रनार यांच्या १९२० च्या कादंबरीवरून रॉबर्ट विने यांनी १९२४ साली 'द हँड्स ऑफ ऑर्लाक' हा चित्रपट केला. रेल्वे अपघातात हात गमावलेल्या पियानोवादकाला देहदंड झालेल्या खुन्याचे हात बसवले जातात, आणि ते हात आपल्याकडून खून करवतील या भयाने तो खचत जातो. शेवटी उलगडते ते असे, की तो देहदंड झालेला माणूस मुळी निर्दोषच होता. म्हणजे भय हातात नव्हते. गुण-अवगुण उगमाबरोबर वाहत येतात या समजुतीत होते. ही समजूत आपल्याला परकी नाही. 'हातगुण' हा शब्द आपण वापरतोच. आणि ज्या समाजात स्पर्शाचीही प्रतवारी होती, त्या समाजात आलेला हात कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, स्त्रीचा की पुरुषाचा, हे प्रश्न कुजबुजीच्या पातळीवर तरी उठणारच. पुण्याच्या श्रेया सिद्दनगौडा या विद्यार्थिनीला २०१७ च्या ऑगस्टमध्ये कोचीला बसवलेले दोन्ही हात एका तरुण पुरुषाचे होते. काळाच्या ओघात ते अधिक उजळ आणि सडपातळ झालेले दिसले, आणि ती त्या हातांनी लिहू लागली. एवढी वस्तुस्थिती उगमवादाला पुरेसे उत्तर आहे.

लिहिण्याच्या या क्रियेपाशी थोडे थांबले पाहिजे. ओळख पटवण्याच्या दोन रीती आपल्या व्यवहारात आहेत: सही आणि अंगठा. १८५८ साली हुगळीच्या परिसरात विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला, तेथून ठशाची राजकीय कारकीर्द सुरू झाली. लिहिता न येणाऱ्याचा अंगठा सावकाराच्या वहीत आणि सरकारच्या दप्तरात उमटत राहिला. प्रत्यारोपित हातात या दोन ओळखी फुटून वेगळ्या होतात. ठसा दात्याचा राहतो, कारण तो त्वचेचा आहे. सही घेणाऱ्याची होते, कारण ती सवयीची, पुनरावृत्तीची, शिकण्याची आहे. देरिदा यांनी सहीविषयी जे प्रतिपादन केले, की पुन्हा करता येणे हीच सहीला सही बनवणारी अट होय, त्याला येथे अनपेक्षित देहधारी पुरावा मिळतो. ठसा उमटतो, सही करावी लागते. जे करावे लागते ते करणाऱ्याचे असते.

५

पण एवढ्यावर समाधान मानले तर दात्याचा हिशोब बुडतो. भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मस्तिष्कमृत्यूला मान्यता दिली, आणि मृताच्या आप्तांच्या संमतीने अवयव घेण्याचा मार्ग खुला झाला. या संमतीला आपण 'दान' म्हणतो. धर्मशास्त्राच्या परिभाषेत दान म्हणजे स्वतःचे स्वामित्व संपवून दुसऱ्याचे स्वामित्व उत्पन्न करणे. मीमांसकांनी विश्वजित यागाच्या संदर्भात प्रश्न केला, की 'सर्वस्व' द्यावयाचे तर आईवडीलही द्यावयाचे काय? उत्तर नकारार्थी आहे: ते 'आपले' असतात ते नात्याने, स्वामित्वाने नव्हे, आणि जेथे स्वामित्व नाही तेथे दान संभवत नाही. हा निवाडा अवयवदानाला लावून पाहिला तर अस्वस्थ करणारा निष्कर्ष निघतो. मृत मुलाचा हात देणारी आई त्या हाताची मालकीण नाही; ती काटेकोर अर्थाने दान करूच शकत नाही.

मग ती काय करते? माझ्या मते ती विश्वस्ताचे काम करते. जे तिचे नव्हते पण तिच्यापाशी होते, ते ती पुढे सोपवते. हा केवळ शब्दांचा खेळ नाही. दानात देणाऱ्याचे स्वामित्व संपून घेणाऱ्याचे सुरू होते. सोपवण्यात स्वामित्व कोणाचेच नसते, दायित्व सर्वांचे असते. मार्सेल मॉस यांनी देणगीच्या व्यवहारात देणे, घेणे आणि परत करणे अशी तीन बंधने दाखवली. मृताला परत काही करता येत नाही. म्हणून घेणारा कायमचा ऋणी राहतो आणि त्या ऋणाखाली वाकण्याचा धोका असतो. विश्वस्ताच्या कल्पनेत हे ऋण वस्तू परत करून नव्हे, वस्तू नीट वापरून फिटते.

मूत्रपिंड देताना आप्तांना जे करावे लागत नाही ते हात देताना करावे लागते: त्यांना पाहावे लागते. हात काढलेला देह अग्नीपर्यंत न्यावयाचा असतो. म्हणून शल्यवैद्य दात्याच्या देहाला कृत्रिम हात जोडून मगच तो आप्तांच्या स्वाधीन करतात. जिवंताला खरा हात आणि मृताला खोटा, या अदलाबदलीत वैद्यकाने नकळत एक संस्कार निर्माण केला आहे. छिन्न हात हा केवळ नावाचा हात, असे ॲरिस्टॉटल म्हणे. पण ज्या आईने त्या हाताला पहिल्यांदा पाटीवर अक्षर गिरवायला लावले, तिच्यासाठी तो नावाचा हात नसतो.

दानाच्या भाषेचा आणखी एक धोका महाभारताने आपल्याला शिकवून ठेवला आहे. एकलव्याचा अंगठा 'गुरुदक्षिणा' या उदात्त नावाखाली घेतला गेला. ज्याने शिकवले नाही त्याने शिकलेला हातच मागितला. म्हणून हात देण्याघेण्याच्या कोणत्याही उदात्त व्यवहारात आपण विचारले पाहिजे, की देणारा कोण, मागणारा कोण आणि दोघांमध्ये नाही म्हणण्याची ताकद कोणाजवळ आहे. हात प्रथम कोणाचे तुटतात, हा त्याच प्रश्नाचा मागचा भाग. ते तुटतात फलाट आणि डब्यामधल्या फटीत, कुट्टीच्या मशीनमध्ये, कारखान्यातील संरक्षक झाकण नसलेल्या दाबयंत्राखाली. फलाटाची उंची वाढवणे आणि पात्यावर झाकण बसवणे यांत चमत्कार नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही. जो समाज तुटलेला हात जोडण्याचे कौतुक करतो आणि हात तुटू न देण्याचे कंटाळवाणे काम टाळतो, त्याच्या करुणेत काहीतरी नाटकी आहे.

६

आता त्या प्रश्नाकडे परतू. फ्रीडरिश एंगल्स यांनी १८७६ च्या आपल्या अपूर्ण निबंधात असे मांडले, की हात हे श्रमाचे केवळ साधन नाही, ते श्रमाचे फलितही आहे. मानववंशाविषयी केलेले हे विधान एका माणसाच्या एका हाताविषयीही खरे ठरते. प्रत्यारोपित हात शस्त्रक्रियेच्या टेबलावर 'मिळत' नाही. तेथे मिळते ती शक्यता. पेला उचलणे, गुंडी लावणे, पेन्सिल धरणे अशा हजारो फसलेल्या प्रयत्नांतून मेंदू आणि बोटे यांच्यामधली वाट पुन्हा तुडवली जाते, तेव्हा कोठे हात होतो. मराठीने हा भेद आधीच करून ठेवलेला आहे. 'हात बसवणे' हे शल्यवैद्याचे काम. 'हात बसणे', म्हणजे सराव होणे, कसब अंगी येणे, हे ज्याचे त्याचे काम. पहिल्या क्रियापदाचा कर्ता दुसरा असू शकतो. दुसऱ्याचा नाही.

तेव्हा ते कष्ट तुमच्या नावावर धरायचे, असे मी आज त्या गृहस्थांना सांगेन. पण 'नावावर' हा शब्द सातबाऱ्याच्या अर्थाने घेऊ नये, हेही सांगेन. हात तुमच्या मालकीचा होणार नाही. तो दात्याच्याही मालकीचा नव्हता, आणि खरे पाहता तुमचा पहिला हातही तुमच्या मालकीचा नव्हता. तो तुमच्याकडे आला, तुम्ही त्याला नांगर धरायला, धार काढायला शिकवले, आणि त्याने तुम्हाला शेतकरी केले. मालकीची वस्तू गेली तर नुकसान होते. हात जातो तेव्हा माणसाला स्वतःचाच एक भाग पारखा होतो. प्रत्यारोपण आपल्याला शिकवते ते एवढेच, की जे पारखे होऊ शकते ते परक्याकडून येऊन आपलेही होऊ शकते; मात्र रोजच्या औषधाची, रोजच्या सरावाची आणि रोजच्या आठवणीची अट पाळून. ती अट ज्याला जड वाटेल त्याने नकार द्यावा, आणि त्या नकारात भ्याडपणा नाही.

बाबू गेनूंच्या मृत्यूविषयी असे सांगितले जाते, की लॉरीच्या भारतीय चालकाने ती त्यांच्या अंगावर घालायला नकार दिला, आणि मग दुसऱ्या हातांनी चाक फिरवले. कथेचा तपशील कसाही असो, लोकस्मृतीने ती जपली यात एक नैतिक जाण आहे. चाक तेच, लॉरी तीच. हात बदलला आणि कृती बदलली. हाताची ओळख तो कोठून आला यावरून होत नाही, तो काय करायला तयार होतो आणि काय करायला नकार देतो यावरून होते, हे त्या स्मृतीला ठाऊक आहे. आमच्या साहित्यशास्त्राने लक्षणेची मीमांसा करताना अवयवावरून अवयवी ओळखण्याची रीत शिकवली. त्या रीतीला एक पुरवणी जोडावी लागेल: अवयवी आधी ठरलेला नसतो. हात ज्या कामाला लागतो, त्या कामातून तो ठरतो.

त्या घरातून निघताना गृहस्थांनी डावा हात कपाळाला लावून निरोप दिला होता. नमस्काराला दोन हात लागतात, असे आपण समजतो. त्या दिवशी तो एका हाताने पूर्ण झाला होता, आणि नव्या हाताच्या आशेने किंवा भयाने त्यात काही उणे-अधिक झाले असते, असे मला वाटत नाही.